मनी लाँडरिंग किंवा निर्बंधभंगाची माहिती अमेरिकेला द्यायची आहे? आधी हे वाचा

परदेशी बँकांच्या व्यवहारांवर नजर ठेवायचं बरंचसं काम आता पुण्या-मुंबईत बसून होतं. खराडी, हिंजवडी, ऐरोली, मालाड इथल्या शिफ्टमध्ये रोज अलर्ट उघडतात, केवायसी तपासलं जातं आणि बहुतेक अलर्ट ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे विनाकारण आलेला इशारा, म्हणून बंद होतात. त्यातला एखादा मात्र डोक्यातून जात नाही. तुम्ही तो वर कळवता, ‘बिझनेसकडून खुलासा आला आहे, क्लोज करा’ असं उत्तर येतं. मग टपरीवर चहा पिताना कुणीतरी सांगतं की अमेरिकन सरकार अशा माहितीला कोट्यवधी डॉलर देतं.

सांगणारा खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो. मी या कामात होतो आणि अशी माहिती देण्याच्या प्रक्रियेतून गेलो आहे. बँक कुठली, प्रकरण काय, हे इथे लिहिणार नाही. पाचवा मुद्दा वाचलात की कारण कळेल. वकिलाची जागा हा लेख घेऊ शकत नाही. वकिलासमोर बसण्याआधी जे माहीत असायला हवं, तेवढं इथे आहे.

१. बक्षिसाचं गणित आधी समजून घ्या

अमेरिकेचा मनी लाँडरिंगविरोधी कायदा १ जानेवारी २०२१ ला नव्या रूपात लागू झाला आणि त्यात जागल्यांसाठी, म्हणजे आतून गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी (व्हिसलब्लोअर), बक्षिसाची तरतूद आली. ती लंगडी होती. ‘३० टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलं होतं, म्हणजे शून्य रुपये दिले तरी कायदा पाळला जात होता, आणि पैसे कुठून द्यायचे याचा पत्ता नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. आता किमान १० आणि कमाल ३० टक्के, पैशांसाठी वेगळा निधी, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे आर्थिक निर्बंध मोडण्याची प्रकरणंही यात आली. इराण, रशिया, उत्तर कोरिया यांच्यावरचे निर्बंध किंवा अमली पदार्थांच्या टोळ्यांवरची बंदी चुकवून केलेले व्यवहार आता याच दारातून सांगता येतात.

आता अटी. दंडाची रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली पाहिजे. आणि टक्केवारी लागते ती वसूल झालेल्या दंडावर. किती पैसा धुतला गेला याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. नवखा माणूस इथेच हमखास फसतो. ‘आमच्या ग्राहकाने ५० कोटी डॉलर फिरवले, त्याचे ३० टक्के’ असा हिशेब मी लोकांना करताना ऐकलं आहे. तो हिशेब फाडून टाका.

दंडातही एक मेख आहे. जप्तीची रक्कम, पीडितांना परत दिलेले पैसे आणि नुकसानभरपाई या हिशेबात धरत नाहीत. टीडी बँकेचं प्रकरण घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकेने गुन्हा कबूल केला. न्याय खात्याबरोबरच्या तडजोडीत सुमारे १४३ कोटी डॉलर फौजदारी दंड होता आणि सुमारे ४५ कोटी डॉलर जप्ती. अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाचा १३० कोटी डॉलरचा दंड वेगळा. एकाच बातमीत आलेल्या या तीन आकड्यांपैकी जप्तीचा आकडा बक्षिसाच्या गणितातून सरळ बाहेर जातो. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिच्या एस्टोनिया शाखेतून सुमारे २०० अब्ज युरो संशयास्पदरीत्या वाहिले. ते आतून उघड करणारे हॉवर्ड विल्किन्सन यांनी २०१३ पासून बँकेला लेखी कळवलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा मान्य केला तो बँक फसवणुकीच्या कटाचा, आणि सुमारे २ अब्ज डॉलर भरायचं ठरलं ते जप्ती म्हणून. म्हणजे केवढा घोटाळा झाला यापेक्षा सरकारने कुठलं कलम लावलं आणि पैसे कुठल्या नावाखाली घेतले, यावर तुमचं बक्षीस ठरतं. त्यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

२. दार कुठलं ते ठरवा

अमेरिकेत एकच खिडकी नाही.

फिनसेन हा अमेरिकी अर्थखात्याचा विभाग. मनी लाँडरिंग आणि निर्बंध, दोन्हींसाठी जागल्यांचं कार्यालय इथेच आहे. निर्बंधांची अंमलबजावणी ओफॅक नावाचं दुसरं कार्यालय करतं, पण बक्षिसासाठी माहिती फिनसेनकडे द्यायची. तिथून ती ओफॅक आणि न्याय खात्याकडे जाते. फक्त ओफॅकला ईमेल टाकून ‘मी कळवलं’ असं समजू नका.

न्याय खात्याची स्वतंत्र प्रायोगिक योजना ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये निर्बंधभंगही तिच्यात आला. वर सांगितलेली जप्तीची पोकळी ती थोडीफार भरते, कारण तिथलं बक्षीस जप्तीवरच मोजतात: पहिल्या १० कोटी डॉलरवर जास्तीत जास्त ३० टक्के. मात्र ते देणं सर्वस्वी खात्याच्या मर्जीवर आहे आणि दुसऱ्या योजनेत बसणाऱ्याला इथे जागा नाही.

कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाचं, म्हणजे एसईसीचं दारही बघा. तिथली व्यवस्था जुनी आहे, नियम स्पष्ट आहेत, मे २०२३ मध्ये तिने एकाच व्यक्तीला सुमारे २७.९ कोटी डॉलर दिले आहेत. करचुकवेगिरी असेल तर आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म २११. एकच प्रकरण दोन-तीन दारांत बसू शकतं आणि चांगला वकील बहुधा सगळीकडे एकाच वेळी देतो.

आणि भारतात? करचुकवेगिरीच्या माहितीला प्राप्तिकर खात्याच्या २०१८ च्या योजनेत ५० लाख रुपयांपर्यंत, परदेशातल्या काळ्या पैशाला ५ कोटींपर्यंत, बेनामी मालमत्तेला १ कोटीपर्यंत बक्षीस आहे. शेअर बाजारातल्या इनसायडर ट्रेडिंगसाठी सेबी १० कोटींपर्यंत देते. प्रकरण पूर्णपणे देशी असेल तर अमेरिकेच्या नादी लागू नका, ही दारं वाजवा. भारताचा जागल्या संरक्षण कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अंमलात आलेला नाही आणि तो आहेही सरकारी नोकरांविषयीच्या तक्रारींसाठी. त्याच्या भरवशावर राहू नका.

३. अमेरिकेचा धागा शोधा

दुबईच्या कंपनीने सिंगापूरच्या कंपनीला पैसे पाठवले, तर त्यात अमेरिकेचं काय? चलन कुठलं होतं ते बघा. डॉलरमधले आंतरराष्ट्रीय व्यवहार साधारणपणे न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मध्यस्थ बँकेतून जातात. तेवढा स्पर्श पुरतो. बीएनपी पारिबास ही फ्रेंच बँक. सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित डॉलरचे व्यवहार करताना पैसे पाठवण्याच्या संदेशांतून तिने नावं लपवली होती. २०१४ मध्ये तिला जवळपास ९०० कोटी डॉलर मोजावे लागले.

म्हणून व्यवहाराच्या संदेशात मध्यस्थ बँक कोण, हे सर्वात आधी बघा. निर्बंधांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्क्रीनिंगवाल्यांना (नावं निर्बंधांच्या यादीशी ताडून बघणाऱ्यांना) माहीत असते, पण घाईत सुटते: कंपनीचं नाव त्या यादीत नसलं तरी निर्बंध असलेल्या व्यक्तींची मालकी एकत्र मिळून ५० टक्के किंवा जास्त असेल, तर त्या कंपनीवरही निर्बंध लागू होतात. निर्बंध आल्यानंतर लगेच पुतण्याच्या नावावर झालेले शेअर्स, हा अशा प्रकरणांतला आवडता खेळ.

जुनं प्रकरण आहे म्हणून सोडून देऊ नका. निर्बंधभंगावर कारवाई करायची मुदत एप्रिल २०२४ मध्ये ५ वर्षांवरून १० झाली. बँकांच्या मनी लाँडरिंगविरोधी कर्तव्यांतल्या कसुरीबद्दल दिवाणी दंडाची मुदत ६ वर्षं आहे.

४. तुम्ही पात्र आहात का

अमेरिकन नागरिक असण्याची अट नाही. भारतात बसलेला माणूस अर्ज करू शकतो.

कम्प्लायन्स (नियम पाळले जातात का हे बघणारा विभाग) किंवा ऑडिटवाल्यांना हमखास वाटतं की ‘हे शोधणं तर माझं कामच आहे, मला कोण बक्षीस देणार?’ या कायद्याने ती अडचण ठेवलेली नाही. नोकरीचा भाग म्हणून मालकाला कळवणाराही जागल्या या व्याख्येत येतो. आपल्याकडच्या ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंगच्या पोरांसाठी हे वाक्य सोन्याचं आहे. एसईसीच्या नियमांत मात्र कम्प्लायन्सवाल्यांना जास्तीच्या अटी आहेत. दोन्हींची गल्लत करू नका.

माहिती तुमची स्वतःची हवी. बातम्या वाचून केलेली जुळवाजुळव चालत नाही, पण उघड कागदपत्रांवर तुम्ही स्वतः केलेलं विश्लेषण, ज्यातून कुणाच्याही लक्षात न आलेलं काही निघतं, ते चालतं. आणि ती आपणहून द्यायची. तपास यंत्रणेची नोटीस तुमच्या टेबलावर आल्यानंतर दिलेली माहिती ‘आपणहून’ राहत नाही.

ज्याला त्याच प्रकरणात शिक्षा झाली त्याला इथे काही मिळत नाही. यूबीएस या स्विस बँकेचे ब्रॅडली बर्केनफेल्ड तुरुंगात जाऊन आले आणि २०१२ मध्ये त्यांना १०.४ कोटी डॉलर मिळाले, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती आयआरएसच्या योजनेतली आहे. तिच्यावर विसंबून, ज्या अलर्टवर तुमचीच सही आहे त्याबद्दल वकिलाआधी कुणाशीही बोलू नका.

५. कागदांना हात लावण्याआधी वकील गाठा

नाव लपवून माहिती द्यायची असेल तर वकील असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बक्षीस घेतेवेळी मात्र सरकारला तुमची ओळख द्यावी लागते. नाव लपवायचं नसलं तरी वकील करा. अमेरिकेतले या क्षेत्रातले वकील बहुधा आगाऊ फी घेत नाहीत, बक्षिसातला हिस्सा घेतात, साधारण ३० ते ४० टक्के. आपल्याकडच्या वकिलांना असा करार करायला मनाई असल्यामुळे आपल्याला तो संशयास्पद वाटतो. तिकडे तो नेहमीचा आहे. उलट जो आधी पैसे मागतो, ‘नोंदणी शुल्क’ म्हणतो किंवा व्हॉट्सॲपवरून स्वतःच संपर्क करतो, त्याच्यापासून दूर राहा. सरकारही अर्जासाठी पैसे घेत नाही.

सोबत एक भारतीय वकील लागतोच, तासाभरासाठी का होईना. कारण तुमची नोकरी, तुमचा करार आणि तुम्ही उघडलेला संगणक इथल्या कायद्याखाली आहेत.

आता पाचव्या मुद्द्यातला मुख्य सापळा. बँकेने सरकारकडे दिलेला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, ज्याला तिकडे एसएआर आणि आपल्याकडे एसटीआर म्हणतात, तो गोपनीय असतो. तो दिला आहे किंवा नाही, एवढं बाहेर सांगणंही गुन्हा ठरू शकतं. नताली मेफ्लॉवर एडवर्ड्स या फिनसेनच्याच अधिकारी. त्यांनी असे अहवाल पत्रकाराला दिले, त्यातून २०२० ची गाजलेली ‘फिनसेन फाइल्स’ ही शोधमालिका उभी राहिली आणि २०२१ मध्ये त्यांना ६ महिन्यांची शिक्षा झाली. जगभर कौतुक झालेली बातमी देणाऱ्या व्यक्तीचं हे झालं. तेव्हा अहवालाची प्रत घेऊ नका, स्क्रीनशॉट नको, आणि मित्राला ‘आम्ही एसएआर टाकला होता’ असं सांगणंही नको. त्यामागचे मूळ व्यवहार आणि तुमचं स्वतःचं निरीक्षण, याबद्दल काय आणि कसं सांगायचं ते वकील ठरवेल.

इतर कागदांचंही तसंच. ऑफिसच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या जीमेलवर फाइल पाठवली की कंपनीच्या यंत्रणेत नोंद होते. तुमची तक्रार वर पोचण्याआधी तुमच्यावरची कारवाई सुरू झालेली असते. परवानगीशिवाय डेटा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं आणि हेतू अप्रामाणिक ठरवला तर कलम ६६ खाली फौजदारी होते. जे तुमच्या कामाच्या कक्षेत नाही ते उघडूसुद्धा नका. तपास यंत्रणेला कागद कुठे आहे हे नेमकं सांगितलंत, तर तो मागवायचे अधिकार तिच्याकडे आहेत.

मग हातात काय ठेवायचं?

- घटनाक्रम: घरच्या वहीत, आठवणीतून, तारखांसह. कोण बोललं, काय बोललं, कुठल्या बैठकीत.
- व्यवहारांची वर्णनं: अंदाजे तारीख, रक्कम, चलन, पाठवणारा, घेणारा, मध्यस्थ बँक.
- कुठली नोंद कुठल्या प्रणालीत आहे आणि ती कुणाला दिसते.
- तुम्ही आत कळवलं असेल तर कधी, कुणाला, उत्तर काय आलं.
- उघड स्रोत: कंपनी नोंदणीच्या प्रती, जहाजांच्या हालचालींची सार्वजनिक नोंद, निविदा, संकेतस्थळांची जतन केलेली पानं.
- तुमचं नेमणूकपत्र आणि गोपनीयतेचा करार, वकिलाला दाखवायला. अमेरिकन कायद्यानुसार असा करार तुमचा माहिती देण्याचा हक्क हिरावू शकत नाही, पण तो वाचलेला असायला हवा.

हे सगळं घरच्या संगणकावर, घरच्या इंटरनेटवर. ऑफिसच्या वायफायवर ‘व्हिसलब्लोअर रिवॉर्ड’ असं शोधूही नका.

६. माहितीपत्र लिहिताना

तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर तक्रारींचा ढीग असतो. ‘आमच्या बँकेत सर्रास मनी लाँडरिंग चालतं, वरिष्ठ सामील आहेत’ हे वाक्य त्याला काहीच देत नाही. त्यामागचा तुमचा संताप खरा असला तरी. त्याला असं काही हवं असतं (हे उदाहरण काल्पनिक आहे): ‘मार्च ते जून या काळात अमुक खात्यातून दर आठवड्याला ९ ते १० लाख डॉलर शारजातल्या तीन कंपन्यांना गेले. तिन्हींचा पत्ता एकच आहे. बिलांवर यंत्रांचे सुटे भाग लिहिलं आहे, पण निर्यातदार कंपनी कापडाची आहे. २२ जूनला मी हे माझ्या टीम लीडला कळवलं. ५ जुलैला अलर्टचा निकष बदलून रकमेची मर्यादा वाढवली आणि त्यानंतर हे खातं अलर्टमध्ये येणं थांबलं. निकष बदलाची नोंद अमुक प्रणालीत आहे.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची. एक वाईट ग्राहक कुठल्याही बँकेत सापडतो, त्याने बँकेला दंड होत नाही. बँकेला माहीत होतं आणि तिने डोळे मिटले, हे दाखवणाऱ्या गोष्टीने होतो. टीडी बँकेच्या प्रकरणातही मोठा मुद्दा हाच होता: व्यवहार वाढत गेले आणि देखरेखीची यंत्रणा पैसे वाचवण्यासाठी जाणूनबुजून तोकडी ठेवली गेली. तुमच्यासारख्या डेस्कवरच्या माणसाला दिसतं ते नेमकं हेच, आणि बाहेरच्या कुठल्याही पत्रकाराला ते दिसत नाही. म्हणून माहितीपत्रात त्याला जास्त जागा द्या.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुमचा अंदाज हे वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. अंदाजाला अंदाज म्हणा. लांबी आवरा, पहिल्या दोन पानांत सगळं सार आलं पाहिजे, बाकी परिशिष्टात. इंग्रजी साधं ठेवा. मी पाहिलेली सर्वात वाईट माहितीपत्रं चांगल्या इंग्रजीत होती.

माहिती फिनसेनच्या जागल्या कार्यालयाकडे जाते. सादर करण्याची त्या दिवशीची पद्धत फिनसेनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, कुणा दलालाच्या पानावरून नाही. पोच, तारीख आणि पाठवलेल्या मजकुराची तंतोतंत प्रत जपून ठेवा. उद्या दुसऱ्या कुणी तीच माहिती दिली तर आधी कोण, हे याच्यावर ठरतं.

७. पाठवल्यानंतर

काहीच होत नाही. महिने जातात. फोन येत नाही, तपास चालू आहे का हे कुणी सांगत नाही. वर्षं लागतात हे गृहीत धरा आणि बक्षीस येईल या हिशेबावर घराचं कर्ज काढू नका, नोकरी तर सोडूच नका.

नवी माहिती हाती आली तर वकिलामार्फत पुरवणी द्या. समाजमाध्यमांवर, ऑफिसच्या ग्रुपवर, नातेवाइकांत, कुठेही बोलू नका. विल्किन्सन यांनी आपलं नाव पुढे आणलं नव्हतं. २०१८ मध्ये ते वर्तमानपत्रांत फुटलं.

सूडाच्या कारवाईबद्दल मात्र आशा बेताचीच ठेवा. अमेरिकन कायद्यात संरक्षण आहे: नोकरीवरून काढलं तर ९० दिवसांत तिथल्या कामगार खात्याकडे तक्रार, परत नोकरी, बुडलेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम. पण विमासंरक्षित ठेवी घेणाऱ्या बँकांचे आणि क्रेडिट युनियनचे कर्मचारी या कलमातून वगळलेले आहेत. त्यांना जुना, तोकडा कायदा लागतो. बँकेत काम करणाऱ्यासाठीच बनवलेल्या कायद्यात बँकवालाच बाहेर, याला काय म्हणावं! आणि अमेरिकेबाहेरच्या माणसाला तर हे संरक्षण मिळणं फारच अवघड. एसईसीच्या कायद्याखाली सीमेन्सच्या एका तैवानी कर्मचाऱ्याने असा दावा केला होता, तो २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने फेटाळला. बक्षीस मागायला सीमा आड येत नाही, नोकरी वाचवायला येते. त्यामुळे पुण्यात बसून माहिती देणाऱ्याची खरी ढाल म्हणजे नाव न कळणं.

दंड जाहीर झाला की तो फिनसेन, ओफॅक आणि न्याय खात्याच्या प्रसिद्धिपत्रकांत येतो. तुम्हाला कुणी शोधत येणार नाही. ती पत्रकं बघत राहणं तुमच्या वकिलाचं काम आहे, हे करारात लिहून घ्या. एसईसीच्या बाबतीत तर सूचना लागल्यापासून ९० दिवसांत दावा केला नाही तर हक्क जातो. बक्षीस नाकारलं तर ३० दिवसांत अपील न्यायालयात जाता येतं, पण १० ते ३० टक्क्यांच्या आतली किती टक्केवारी दिली, यावर भांडता येत नाही.

पैसे मिळालेच तर अमेरिकेत कर कापला जाण्याची शक्यता असते आणि भारतात रहिवासी असलेल्याला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर आहे. परदेशी उत्पन्नाचं काम करणारा सीए आधीच गाठा, आणि वकिलाचा हिस्सा परस्पर कापून येणार की पूर्ण रक्कम आधी तुमच्या खात्यात येणार, हे त्याला आणि वकिलाला एकाच कॉलवर बसवून ठरवून घ्या.